चिमणी आणि झोका

सोमवार, ११ जानेवारी १९३७

आज पुन्हा तेच. हे ड्यूटीवरून आले, हातपाय धुतले, पेटीतून कलारनेट काढली, फडक्यानं पुसली, मांडीवर आडवी घेतली आणि बसले भिंतीकडं बघत. चहा निवला. मी दुसरा केला, तोही निवला.

आमचे हे रेल्वेत सांधेवाले. गाडी ह्या रुळावरून त्या रुळावर घालायची, ते काम. पण लोणावळ्यात त्यांना त्या कामानं कुणी ओळखत नाही. अंबाजीच्या बँडातले कलारनेटवाले सोपानराव — ही ओळख. दसऱ्याला विहिरीवर रहाटाचा दांडा हातातून सुटला आणि गर्रकन फिरून तोंडावर बसला. वरचे पुढचे दोन दात गेले. तेव्हापासून वाजवणं बंद. कलारनेटच्या टोकाला चोच असते. तिच्यावर वरचे दात रोवायचे, खालून ओठ लावायचा, मग फुंकायचं. दातच नाहीत तर रोवायचं काय? असं हे म्हणतात. म्हणतात म्हणजे दसऱ्याला एकदा म्हणाले. त्यानंतर काहीच म्हणत नाहीत.

मी आज म्हणाले, "अवो, वाजवायची न्हाई तर रोज पुसता कशाला? मढं हाय का ते?"

बोलायला नको होतं. बोलले. पेटी बंद झाली. जेवले नाहीत.

आमची लेक शालू सासरी शिरगावला गेली तेव्हा तिची एक कोरी वही घरात राहिली. तिच्यात हे लिहिते. माझी शाळा तिसरीपर्यंत. चुकलं तर चुकलं, वाचणार कोण आहे.

गुरुवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घ्यायला अंबाजी आला. तो बँडाचा मालक, ढोलही तोच वाजवतो. तिळगूळ खाल्ला, पाणी प्याला, मिशा पुसल्या, तरी उठेना. म्हटलं काहीतरी पोटात आहे.

मग म्हणाला, "सोपानराव, चैत्री पुनवंला तुमच्या गावची जत्रा. म्हन्लं पुण्याच्या कलारनेटवाल्या नथूला सांगून ठेवावं. तुमी बी चला की. संगं चालायला."

हे म्हणाले, "बरं."

एवढंच. बरं! सुदुंबऱ्याच्या पुढं आमची वाडी. तिथं जत्रेला पालखी देवळाच्या पायऱ्या उतरते तेव्हा सगळा बँड थांबतो आणि एकटी कलारनेट वाजते. वरच्या पायरीपासून खालच्या पायरीपर्यंत सूर तुटता कामा नये. तुटला की भोई जागच्या जागी उभे राहतात. पालखी अधांतरी. मग गाव वर्षभर बोलतं. आमच्या लग्नापासून त्या पायऱ्यांवर ह्यांच्याशिवाय कुणी वाजवलेलं नाही. आणि आता नथू वाजवणार आणि हे संगं चालणार. हात हालवत.

अंबाजी गेल्यावर मी तिळगुळाचा डबा असा आपटला की झाकण चेपलं.

रविवार, १७ जानेवारी

आज मी सरळ जाऊन त्यांच्या मांडीवरची कलारनेट उचलली.

"मला शिकवा."

"तुला?"

"मग काय शेजारणीला? तुमाला वाजवता येत न्हाई तर ती काय कोनाड्यात ठेवून हळदकुंकू व्हायचं तिला?"

मला शिकायची हौस नव्हती, खरं सांगते. हे तोंड उघडतील, निदान मला हो-नाही करतील, एवढ्यासाठी. मी फुंकलं. काही नाही. पुन्हा फुंकलं. गाल दुखले. तिसऱ्यांदा असा आवाज निघाला की मी स्वतःच दचकले. भिंतीपलीकडून कस्तुराबाई ओरडली, "मुक्ताबाय, म्हस विली का गं तुमची?"

आमच्याकडं म्हैस नाही.

हे हसले. दोन दातांची फट दाखवत, पोट धरून. दसऱ्यानंतर पहिल्यांदा.

म्हटलं ठीक. म्हैस तर म्हैस. रोज विऊ दे.

मंगळवार, २ फेब्रुवारी

बोटांचं काम मला आवडायला लागलंय. हे कुणाला सांगायचं नाही.

त्यात दोन गमती आहेत. पहिली — एक सूर धरायचा आणि शेजारच्या भोकावर एकच बोट उचल-टेक, उचल-टेक, भराभर. जवळजवळचे दोन सूर एकमेकांत मिसळून थरथरतात. ह्यांचे गोव्याचे मास्तर तिला टिरिल म्हणायचे. दुसरी — दोन लांबचे सूर. तिथं एक बोट पुरत नाही. तीन बोटं एकदम उचलायची, एकदम टेकायची, तीही तशीच भराभर. ती टिरमोल. माझ्या जिभेवर ही नावं बसत नाहीत. मी पहिलीला चिमणी म्हणते आणि दुसरीला झोका. चिमणी जागच्या जागी पंख फडफडवते. झोका ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो.

इतके दिवस माझी चिमणी मेलेली होती. बोट दगडासारखं पडायचं. "दाबू नगंस," हे म्हणायचे, "कुणाचा गळा धरलाय का?" मी म्हणायचे, धरीन.

आज भाकरी करताना कळलं. तवा तापला का बघायला आपण बोट लावतो — टेकलं न टेकलं. चटका बसायच्या आत वर. ते तसं. आणि खिरीचे गव्हले वळताना जसं होतं तसं. लग्नघरी गव्हले वळायला मला हटकून बोलावणं असतं, माझ्याइतकं बारीक आणि भराभर कुणाचं होत नाही. तेव्हा मी बोटांकडं कुठं बघते? तोंडानं दुसऱ्याच्या सुनेची उणीदुणी चालू असतात, बोटं आपली वळत असतात. म्हणजे बोट चालवायचं नाही. चालू द्यायचं.

हात धुऊन आले, कलारनेट घेतली, मनात कस्तुराबाईला चार शब्द सुनावले आणि बोट सोडून दिलं. उडाली! भुर्रकन. छपराला लागेल अशी.

ह्यांनी ताटातला घास तसाच धरला. "परत कर," म्हणाले. परत केली.

"माझी दोन वर्सांनी उडाली व्हती," म्हणाले. आणि जेवले. तीन भाकरी.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

आज भांडण झालं. बरं झालं.

कारण तेच जुनं. कलारनेट तोंडात धरताना मी वरचा ओठही आत दुमडते. दात रोवले की चोचीची थरथर दातांतून टाळूत जाते, शिवशिवतं, मला सहन होत नाही. ह्यांना ते बघवत नाही.

"वरचं दात रोव म्हन्लं ना! म्हातारीवानी व्हट आत घालून बसलीयास."

"माझी रीत मला बरी."

"रीत मास्तरांची. दात म्हंजी खुंटी. खुंटीबिगर जनावर बांधता येतं व्हय?"

"मी बांधलंय की! इतकं दिस फुंकतीय, एकदा तरी दात लावला का? व्हटामागं मला दात हायेत का न्हाईत, त्या कलारनेटला कुटं म्हाईत?"

मी बोलून गेले आणि भांडी घासायला वळले. म्हटलं रुसले. वळून बघते तर हे माझ्या तोंडाकडं टक लावून बघतायत. लग्नातही असं बघितलं नव्हतं.

मग हे उठले. कलारनेट घेतली. मास्तरांचं नाव घेऊन कानाच्या पाळीला हात लावला, चूक झाली तर माफ करा म्हणून. दोन्ही ओठ आत दुमडले, फटीवरून ओठ ओढून घेतला, आणि फुंकलं.

नुसती हवा. पुन्हा हवा. मग बारीक, किरकिरं काहीतरी. मग तो किरकिरा आवाज हळूहळू भरत गेला, भरत गेला, आणि घरात त्यांचा सूर उभा राहिला. त्यांचाच. मी हजारांत ओळखीन.

मी म्हणाले, "इतकं म्हैनं भिंत बघण्यात घालीवलं." मग मला रडू यायला लागलं, म्हणून आणखी दोन शिव्या दिल्या.

शनिवार, १३ फेब्रुवारी

कलारनेट आज माझ्या हाताला लागली नाही. सकाळपासून त्यांच्याच तोंडाला.

बुधवार, ३ मार्च

ह्यांचा ओठ सुजून करंजी झालाय. तूप लावते, पुन्हा वाजवतात, पुन्हा सुजतो. मागं हाडाचा आधार नाही ना. पण दम वाढतोय. चिमणी आली. पूर्वीची.

झोका येत नाही. म्हणजे बोटांना येतो, कलारनेट ऐकत नाही. चिमणीत एकच बोट उचलायचं, बाकीची धरून असतात. झोक्यात तीन बोटं एकदम सुटली की तिला खालून एक अंगठा आणि वरून ओठ, बस. पूर्वी दात धरून ठेवायचे. आता ती ओल्या मासळीसारखी सटकते, आणि सूर चिरकतो.

बसून, तिचा खालचा कर्णा गुडघ्यांत दाबून धरला की जमतं. छान जमतं. पण पालखीपुढं कोण बसून वाजवतं?

मी विचारलं, "झोका गाळून नुसती चिमणी केली तर?"

असं बघितलं माझ्याकडं, जसं काही मी पुरणाशिवाय पोळी म्हणाले.

शुक्रवार, २६ मार्च

होळी. पोळ्या झाल्या. हे ड्यूटीवर. दुपारी मी एकटीच वाजवत बसले. ह्यांना बोलतं करायला नाही, हसवायला नाही. अशीच.

कस्तुराबाई भिंतीपलीकडून म्हणाली, "आज म्हस गप हाय गं. पाखरं आल्याती वाटतं."

तिला पुरणपोळी नेऊन दिली. दोन.

सोमवार, १२ एप्रिल

पाडवा. गुढीला नमस्कार करून अंबाजी आत आला. दुसऱ्या एका गुढीपुढं वाजवून आला होता, गळ्यातला ढोल उतरवून ओट्यावर ठेवला. मी म्हणाले, "भावजी, बसा. ऐका."

ह्यांनी बसून वाजवलं. अंबाजीनं डोळे मिटले. मिशा थरथरायला लागल्या. संपल्यावर म्हणाला, "सोपानराव, ह्ये कुटं दडवून ठेवलं व्हतं?" मग त्याच दमात, "आता हुबं ऱ्हाऊन."

उभे राहिले. चिमणी उडाली. झोक्याला कलारनेट सटकली आणि असा चिरका निघाला की गुढीवरचा कावळा उडाला.

अंबाजी बराच वेळ चपला शोधत राहिला. चपला पायातच होत्या. "वाईट वाटून घेऊ नका," म्हणाला. "पायरीवर सूर तुटला तर गाव मला हाणंल. नथू येऊ द्या. तुमी सुरू करा, वाटलं तर तो पुढं नेईल."

मी ऐकत नव्हते. मी ओट्यावरच्या ढोलाकडं बघत होते.

"भावजी, ढोल वाजवताना तुमचं दोन्ही हात वर जात्यात. मग ढोल खाली का पडत न्हाई?"

"गळ्यात पट्टा असतुय की वयनी." मग तोच ढोलाच्या पट्ट्याकडं बघायला लागला.

माझ्या जुनेराचा काठ अजून घट्ट होता. फाडला, चौपदरी केला, दाभणानं शिवला. कलारनेटच्या मागं उजव्या अंगठ्याखाली पितळेचा आकडा असतो, त्याला बांधला आणि ह्यांच्या गळ्यात अडकवला. तिन्ही बोटं सुटली तरी कलारनेट जागची हलेना. झोका असा गेला — लोणावळ्याहून सुटला आणि खंडाळ्याला जाऊन परत आला!

अंबाजी खूश होऊन गेला. तो गेल्याबरोबर ह्यांनी पट्टा काढून माझ्या हातात दिला.

"घरात ठीक. गावात न्हाई."

"का?"

"बैलाला दावं घातल्यावानी दिसतंय. त्यात लुगड्याचा काठ. भावकी म्हणंल, बायकोनं बांधून आणलाय."

किती बोलले मी. दगडावर पाणी. देव राखील म्हणे. देवाला दुसरी कामं नाहीत.

सोमवार, २६ एप्रिल

काल जत्रा झाली. घरी येऊन पाय शेकले आणि आता लिहिते. सगळं लिहिणार, भाकरी राहू दे.

तळेगावपर्यंत गाडीनं, पुढं बैलगाडीनं गेलो. पट्टा मी कमरेला खोचून नेला होता. ह्यांना सांगितलं नाही. ह्यांनी नवा गुलाबी फेटा बांधला होता, वाटेत कुणाशी बोलले नाहीत. नथूही होता. वाटलं होतं टवाळ असेल. तसा नव्हता. वयानं ह्यांच्याहून लहान, शांत, सारखा उजवा अंगठा चोळणारा.

पालखी देवळाबाहेर आली. बँड वाजला आणि थांबला. सगळं गाव खाली उभं. आम्ही बायका पायऱ्यांच्या एका अंगाला. हे वरच्या पायरीवर, पालखीच्या पुढं. एक सूर निघाला. भोयांनी पाय टाकला. चिमणी उडाली. "आला गं बाई सोपान," म्हणून माझ्या शेजारी धोंडाबाईनं, ह्यांच्या चुलतीनं, कडाकडा बोटं मोडली. पालखी एक पायरी उतरली. आणखी एक.

आणि झोका आला. मला ह्यांच्या खांद्यावरूनच कळलं. कलारनेट डावीकडं गेली, ह्यांनी ओठांनी धरायला बघितली, चिरकली, आणि सूर तुटला.

भोई थांबले. पालखी अधांतरी. वाऱ्यानं निशाण फडफडत होतं ते ऐकू यायला लागलं. धोंडाबाई म्हणाली, "थांबली गं माय पालखी." नथूनं हळूच आपली कलारनेट तोंडाशी नेली. त्याला तसंच सांगितलेलं. ह्यांनी मान खाली घातली.

मी पायऱ्या चढले. नथूला म्हणाले, "थांब बाबा जरा." कमरेचा पट्टा काढला, आकड्याला बांधला, गळ्यात घालायला गेले तर फेट्यावरून जाईना. केवढा तो फेटा! मग काय, फेटाच उतरवला. अख्ख्या गावापुढं, देवापुढं, बायकोनं नवऱ्याचा फेटा उतरवला.

"काय करतीस?" हे दातांच्या फटीतून.

"गप ऱ्हावा. तोंड फुंकायला ठेवा."

पट्टा गळ्यात गेला. मागून कुणी म्हातारा म्हणाला, "आरं, उघड्या डोस्क्यानं देवाम्होरं?" बरोबर होतं त्याचं. पण मला फेटा बांधता कुठं येतो? मला येते घागरीखालची चुंबळ. तीच वळली गुलाबी फेट्याची आणि दिली डोक्यावर ठेवून.

"वाजवा," म्हणाले, आणि खाली उतरले नाही. पालखीला वाट देऊन तिथंच कडेला उभी राहिले.

वाजवलं. आधी चिमणी, मग झोका. तिन्ही बोटं वर, तिन्ही खाली, भराभर, भराभर, आणि कलारनेट खुंटीला बांधल्यागत स्थिर. तो झोका त्या पायऱ्यांवरून असा जायला यायला लागला की भोई न सांगता चालायला लागले. पालखी हलत आली, माझ्या शेजारून गेली, गुलाल माझ्या तोंडावर पडला. माझी बोटं पदराखाली चालत होती. त्यांच्या बरोबरीनं. खालच्या पायरीला पालखी टेकली तेव्हाच सूर थांबला, आणि मग जो काही गलका झाला!

अंबाजी ढोल बडवायचा विसरून नुसता नाचत होता. नथू जवळ आला, पट्टा हातात घेऊन उलटसुलट बघितला. "काकू, मला एक शिवून द्याल? सगळं वजन अंगठ्यावर येतं हो."

धोंडाबाई म्हणाली, "सूनबाई, नवऱ्याला दावं लावलंस खरं."

मी म्हणाले, "लावलं. चालाय लागला का न्हाई?"

परत येताना बैलगाडीत हे चुंबळ डोक्यावर तशीच ठेवून बसले होते. मी म्हटलं काढा आता. म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

रविवार, २ मे

लग्नसराई. सुट्टी मिळाली की हे बँडाबरोबर. ओठ घट्ट झालाय, बोलणं वाढलंय, भाकऱ्या वाढल्यात. मला हवं होतं ते सगळं झालं. नथूचा पट्टाही शिवून पाठवला.

घर शांत आहे. नको इतकं.

काल जेवताना हे म्हणाले, "ताट कशाला वाजवतीस?" माझी बोटं ताटाच्या कडेवर चिमणी उडवत होती. मी म्हणाले, माश्या हाकलतीय. माशी एकही नव्हती. हे माझ्या बोटांकडं बघत राहिले.

शनिवार, ८ मे

हे सकाळीच ड्यूटीवर गेले. पेटी उघडी ठेवून गेले, पट्टा वर काढून. असं कधी ठेवत नाहीत. मी भांडी तशीच टाकली आणि बसले वाजवत.

दार वाजलं. अंबाजी. मी म्हणाले, हे घरी न्हाईत. म्हणाला, काम तुमच्याकडंच हाय वयनी. खंडाळ्याच्या एका बंगल्यात संस्थानिकांच्या मुलीची हळद. आत कडक पडदा, पुरुषमाणसाला मज्जाव, आणि मुलीला तर कलारनेटच पाहिजे. "मी डोकं धरून बसलो व्हतो. सोपानरावच म्हणाले, घरात एक हाय. चिमणी येती, झोका येतो. आणि दात सगळं शाबूत."

मी म्हणाले, इचार करून सांगते.

अंबाजी माझ्या गळ्याकडं बघत होता. पट्टा काढायचा राहिला होता.